सव्वासहाची पडझड

विनय टिपणीसाच्या डोक्यावर रोज संध्याकाळी सव्वासहाला काहीतरी पडत असे. म्हणजे प्रत्यक्ष डोक्यावर नाही, डोक्यावरच्या मजल्यावर. पण ऐकणाऱ्याला त्यात फारसा फरक वाटत नाही. कॉव्हेंट्रीतल्या मेपलबेक कोर्ट नावाच्या तीन मजली इमारतीत टिपणीस कुटुंब मधल्या मजल्यावर भाड्यानं राहत होतं. ही इमारत बाहेरून विटांची आणि आतून बिस्किटाची होती. वरच्यानं चमचा पाडला, तर तो चहाचा की डावाएवढा, हेसुद्धा खाली कळायचं. वरचा माणूस आधी काहीतरी हलकं पाडायचा, मग जड, मध्येच एखादी फुटणारी वस्तू, आणि बरोबर पावणेसातला थांबायचा.

विनय मूळचा पुण्याचा. पुण्यात असता तर पहिल्याच संध्याकाळी बनियनवर वर गेला असता आणि एक तर भांडून आला असता, नाहीतर चहा पिऊन. पण अकरा वर्षं इंग्लंडात काढून तो सभ्य झाला होता. सभ्य माणूस चौदा पायऱ्या चढत नाही, ईमेल करतो. वर राहणाऱ्या मिस्टर टॅपलींना त्यानं तीन वर्षांत एकदाच पाहिलं होतं, तेही पाठमोरं.

"इथे भांडायचं नसतं रे, फॉर्म भरायचा असतो," असा सल्ला शशीनं दिला. शशी म्हणजे विनयचा कॉलेजातला मित्र, कॉव्हेंट्रीत अठरा वर्षं मुरलेला. त्याला बॉयलरपासून घटस्फोटापर्यंत प्रत्येक गोष्टीचा फॉर्म ठाऊक होता. "मॅनेजमेंट कंपनीकडे नॉइज डायरी माग. दोन आठवडे भर. बघ कसा सुतासारखा सरळ येतो."

आसावरीला, म्हणजे विनयच्या बायकोला, हे पटलं नव्हतं. त्यांच्या फ्लॅटचा करार जूनअखेर संपत होता, आणि घरमालकानं स्वच्छ सांगितलं होतं, "तुम्ही शांत माणसं आहात म्हणून करार वाढवीन. पण बिल्डिंगमधून तुमच्याबद्दल एक जरी तक्रार आली, तर मी दुसरे भाडेकरू बघेन." मुलगी तनिषा दहावीच्या वर्गात, पुढच्या वर्षी तिची जीसीएसई, म्हणजे तिथली बोर्डाची परीक्षा, शाळा चालत सात मिनिटांवर. त्या भागात दुसरा फ्लॅट रिकामा नाही, याची आसावरी रोज सकाळी वेबसाइटवर खात्री करून घेत असे.

"तू तक्रारींच्या भानगडीत पडूच नकोस," ती म्हणाली.

"अगं, तक्रार आपण करणं आणि आपल्यावर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," विनय म्हणाला. अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

डायरी आली. तिच्यात चार रकाने होते: तारीख, वेळ, आवाजाचा प्रकार, आणि तुमच्यावर झालेला परिणाम. आडनाव टिपणीस, त्यामुळे टिपून ठेवणं रक्तातच. त्यानं दोन आठवडे इमानेइतबारे 'थड', 'बँग', 'लाउड थड', 'व्हेरी लाउड बँग' असं लिहिलं, परिणामाच्या रकान्यात दरवेळी 'सिव्हिअर' असा एकच शब्द घातला आणि डायरी पाठवली. चार दिवसांत ती परत आली. मॅनेजमेंट कंपनीचे नॉइज ऑफिसर काइल यांनी लाल शाईत शेरा मारला होता की 'थड' हे वर्णन पुरेसं नेमकं नाही आणि 'बँग' हे भावनिक आहे.

विनयच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो एका बँकेसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका नेमक्या शब्दांत मांडायच्या, हाच त्याचा धंदा. त्याला कुणी 'नेमकं नाही' म्हणावं?

"मग मराठीत लिही," आसावरी म्हणाली. "धपकन, दाणकन, खळ्ळकन. आपल्याकडे काय तोटा आहे?"

त्यानं एक पान मराठीत भरून पाहिलं आणि हताशपणे पेन खाली ठेवलं. मराठी शब्द नेमका असतो, पण तो गप्प बसत नाही. 'दाणकन' म्हटलं की कुणीतरी रागावलंय. 'भदकन' म्हटलं की पडणारा बावळट आहे. 'धपकन' वाचून तर काइलला मराठी येत नसतानाही हसू आलं असतं. आपली भाषा वस्तू पडल्याबरोबर बाजू घेऊन मोकळी होते, आणि काइलला भावना नको होती.

तेव्हा विनयच्या नजरेस आसावरीची वही पडली. आसावरी मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत होती. कंपनीची गिऱ्हाइकं नागोयाची, म्हणून ती दर मंगळवारी जपानीच्या वर्गाला जायची. त्या वहीत एक अख्खं पान वस्तू पडण्याच्या आवाजांचं होतं. लहान कठीण वस्तू पडली तर कोतोन्. तीच जड असली तर गोतोन्. काच-चिनीमाती फुटली तर गाचान्. पुस्तक किंवा कागदांचा गठ्ठा पडला तर बासा. हलकंसं काही एकटंच पडलं तर पोतोरी. दाणे सांडले तर पारापारा. आणि धान्याचं पोतं पडलं तर दोसा, जे वाचून विनयला भूक लागली.

"क चा ग झाला की वजन वाढतं," आसावरीनं समजावलं. "आमच्या सरांनी वर्गात दोन गोष्टी टेबलावरून पाडून दाखवल्या."

विनय त्या पानाकडे बघतच राहिला. वस्तू कोणती, वजन किती, फुटली की राहिली, सगळं एका शब्दात, आणि कुणावर राग नाही की लोभ नाही. त्यानं नवी डायरी घेतली आणि पहिल्या ओळीत ऐटीत लिहिलं: सहा सतरा, कोतोन्. सिव्हिअर.

इथेच थांबला असता तर ही गोष्ट घडली नसती. पण चूक स्वतः पुन्हा घडवून दाखवल्याशिवाय ती चूक म्हणून नोंदवायची नाही, हा टेस्टरच्या धंद्यातला पहिला नियम. वरून आला तो आवाज कोतोन् की गोतोन्, हे नुसत्या कानावर कसं ठरवायचं? म्हणून तो सव्वासहाला हॉलमध्ये स्टुलावर उभा राहू लागला. शेजारी टेबलावर चमचा, स्टीलची वाटी, खलबत्त्यातला बत्ता, नारळ, जुनी टेलिफोन डिरेक्टरी आणि पाच किलो बासमतीची पिशवी. वरून चमचा पडला की आवाज कानात ताजा असेपर्यंत हा खाली चमचा पाडायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि मग लिहायचा. जुळला नाही तर पुन्हा पाडायचा.

"बाबा, हा खूप क्रिंज गोष्ट आहे," तनिषा म्हणाली. ती इथेच जन्मलेली, मराठीतलं लिंग तिच्या लेखी ऐच्छिक होतं. "तू नारळ का पाडतो? नारळ काय केली तुला?"

"हा रेफरन्स सेट आहे," विनय स्टुलावरून गंभीरपणे म्हणाला.

महिन्याभरात त्याची तयारी अशी झाली, की वर मग फुटला, तर तो कानापाशी फुटला की बुडापाशी, हेही तो सांगू लागला. एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. एप्रिलच्या सुरुवातीला आठवड्याला अकरा गाचान् होते. मेमध्ये ते तीनवर आले. तक्रारीचा वचक बसतोय, असा त्यानं निष्कर्ष काढला आणि शशीला फोन करून तसं कळवलंही.

डायरी कंपनीला पोचली, आणि पंधरा दिवसांनी विनयला एक जाड पाकीट आलं. आतलं पत्र संपूर्ण जपानीत होतं. पाठोपाठ फोन. पलीकडून एक अत्यंत नम्र आवाज जपानीत बोलू लागला. विनय म्हणाला, "सॉरी, रॉंग नंबर." आवाजानं तेही बहुधा जपानीत भाषांतर करून कुणालातरी सांगितलं.

झालं होतं ते असं. काइलनं डायरी पाहिली, शब्द संगणकात घातले आणि 'पसंतीची भाषा' या चौकोनात जपानी निवडून टाकलं. विनयनं फोन करून इंग्रजीत, अगदी बिनचूक इंग्रजीत, आपल्याला जपानी येत नसल्याचं सांगितलं. काइल म्हणाले, प्रश्नच नाही, भाषा बदलण्याचा फॉर्म पाठवतो. फॉर्म जपानीत आला. आसावरीनं चष्मा लावून त्यातले 'कृपया' आणि 'नाव' एवढे दोन शब्द वाचले आणि तिसऱ्या शब्दाला ती दुसऱ्या वर्षी पोचणार असल्याचं सांगितलं.

"राहू दे जपानी," शशीनं सल्ला दिला. "जपानी माणसाला इथे मान आहे. टिपणीसपेक्षा बराच."

यावर विनय दोन दिवस शशीशी बोलला नाही.

मे संपता संपता दुसरं पाकीट आलं. हेही जपानीत, पण यात एक ओळ इंग्रजीत होती, कारण नावांचं भाषांतर होत नाही. 'मिसेस एम. हॉजकिस, फ्लॅट वन' विरुद्ध 'मिस्टर व्ही. टिपणीस, फ्लॅट टू'. मिसेस हॉजकिस खालच्या मजल्यावर राहायच्या. गेल्या नाताळात त्यांनी टिपणिसांना मिन्स पाय दिले होते. त्यांनीही डायरी ठेवली होती. रोज सव्वासहा ते पावणेसात. एकूण दोनशे बारा 'थड'.

आसावरीनं पत्र टेबलावर ठेवलं. "झाली तक्रार," ती म्हणाली, "आपल्यावर." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं लॅपटॉप उघडला आणि फ्लॅट शोधायला लागली. तनिषा आपल्या खोलीत गेली. विनयनं नारळ उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, आणि आपण किती मोठा गाढवपणा केलाय हे त्याला पहिल्यांदाच पुरतं कळलं. स्वतःच्या हातानं, स्टुलावर चढून, त्यानं मुलीची शाळा पाडली होती.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी तळमजल्यावरच्या कॉमन रूममध्ये दोन्ही तक्रारींवर मीटिंग भरली. बाजूलाच कचऱ्याचे डबे, त्यामुळे खिडक्या बंद. काइल फाइल घेऊन बसले होते. मिसेस हॉजकिस जांभळा कोट घालून आल्या होत्या आणि "मला उगाच गाजावाजा नको होता" असं प्रत्येकाला वेगळं सांगत होत्या. काइलच्या शेजारी ताठ बसलेल्या, करड्या केसांच्या एक जपानी बाई होत्या. त्या दुभाष्या मिसेस ओनिशी.

"मला इंग्रजी येतं," विनय इंग्रजीत म्हणाला.

"ऐकू येतंय मला," काइल म्हणाले. "पण सिस्टिममध्ये जपानी आहे. दुभाष्याशिवाय मीटिंग घेतली तर उद्या तुम्हीच अपील कराल."

तेव्हा काइल इंग्रजीत बोलायचे, मिसेस ओनिशी ते विनयला जपानीत सांगायच्या, आणि विनय समजल्यासारखी मान हलवायचा. सहाव्या वाक्याला त्यानं नकळत जपानी होकाराचं "हाय" म्हटलं. आसावरीनं टेबलाखालून त्याला लाथ घातली.

एवढ्यात दार उघडलं आणि मिस्टर टॅपली आत आले. विनयनं मनात उभा केलेला वरचा माणूस सहा फुटी, गोंदवलेला, बीअरच्या डब्यांत लोळणारा होता. हे ऐंशीच्या घरातले, इस्त्रीचा शर्ट घातलेले, बारीक चणीचे गृहस्थ. डावा हात पोटाशी धरलेला. दोन जिने उतरायला त्यांना वीस मिनिटं लागली होती. ते बसले आणि म्हणाले, "आठ महिन्यांनी खाली आलो. बरं वाटतंय."

काइलनी पुरावा म्हणून विनयची डायरी मिसेस ओनिशींच्या हातात दिली आणि वाचून दाखवायला सांगितलं. बाईंनी दोन पानं चाळली. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हललं.

"कोतोन् आणि गोतोन् यांतला फरक यांना फार चांगला कळतो," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्या जावयाला अजून कळत नाही." मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. "तीन एप्रिल. सहा सतरा, कोतोन्. सहा वीस, दोसा. सहा तेवीस, गाचान्."

"निळा मग!" मिस्टर टॅपली म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तो माझा निळा मग होता. पुढे?"

"चार एप्रिल. कोतोन्. बासा. गाचान्."

"चमचा. क्रिकेटचं पुस्तक. आणि ती लग्नातल्या सेटमधली बशी, मला ती कधीच आवडली नव्हती."

बाई वाचत गेल्या आणि म्हातारा प्रत्येक आवाजाला नाव देत गेला. वाळूची पिशवी, बीन्सचा डबा, पिवळा मग, दुसरा पिवळा मग. मे आला तसे गाचान् विरळ झाले. मिसेस ओनिशींनी पान उलटायचं थांबवलं. "हे कमी कमी होत जातंय," त्या म्हणाल्या.

"होणारच," मिस्टर टॅपली म्हणाले, आणि त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. आधीच्या सप्टेंबरात त्यांना स्ट्रोक आला होता. फिजिओच्या बाईनं व्यायाम दिला होता: डाव्या हातानं वस्तू उचलायची, खांद्याच्या उंचीवर धरायची, दहा आकडे मोजायचे. रोज अर्धा तास, सहाच्या बातम्या संपल्या की. "दोन वेळा सोडून दिलं होतं मी. एकट्या माणसानं चमचे उचलत बसायचं, कशासाठी? मग एका संध्याकाळी माझा चमचा पडला, आणि खालून कुणीतरी चमचा पाडला." ते विनयकडे वळले. "मी मुद्दाम पुस्तक पाडलं. खालून पुस्तक आलं. मला वाटलं, चला, कुणीतरी सोबतीला आहे. त्या दिवसापासून एक दिवस चुकवला नाही."

मिसेस हॉजकिस पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या.

काइलनी घसा साफ केला. "मिस्टर टिपणीस, तुम्ही या वस्तू मिस्टर टॅपलींना व्यायामात साथ देण्यासाठी पाडत होतात का? तसं असेल तर केस बंद करता येईल." मिसेस ओनिशींनी हे जपानीत सांगितलं.

विनयचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याला लाज वाटली, इंग्रजीत नाही आणि जपानीत तर नाहीच, अस्सल मराठीत वाटली. तो आसावरीकडे वळून पुटपुटला, "अगं, मी तर ह्यांचाच बंदोबस्त करायला निघालो होतो."

"काय म्हणतायत ते?" काइलनी विचारलं.

"ते म्हणतायत, हो," आसावरी म्हणाली.

मिसेस ओनिशींना मराठी येत नव्हतं. पण तीस वर्षं दुभाषेपणा केलेल्या बाईला चेहरे येतात. त्यांनी खाली मान घालून वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

मिसेस हॉजकिसनी तक्रार तिथल्या तिथे मागे घेतली. मात्र खाली जाड बाथमॅट अंथरून पाडायचं आणि बिंगोमुळे गुरुवारी त्या घरी नसतात तेव्हा नारळ पाडून घ्यायचा, अशा दोन अटी घातल्या. करार वाढला. शशीनं फोन करून सांगितलं, "बघ, मी म्हटलं होतं ना, फॉर्म भर!"

विनय रोज सव्वासहाला स्टुलावर उभा राहू लागला. वरून कोतोन् आला की तो खाली बाथमॅटवर चमचा पाडी. डायरी भरायची आता गरज नव्हती, पण तो भरत राहिला. वर मात्र तो गेला नाही. जाणार कुठल्या तोंडानं? चौदा पायऱ्या रोज एक-एक करून वाढत चालल्यासारख्या वाटत होत्या.

जुलैतल्या एका बुधवारी सव्वासहा वाजले आणि वरून काहीच आलं नाही. सहा अठरा. सहा बावीस. विनयनं चमचा पाडला. उत्तर नाही. त्यानं बत्ता पाडला, मग बुधवार असूनही नारळ पाडला. खालून मिसेस हॉजकिसनी छताला झाडू आपटला. वर सामसूम.

"बाबा, जा ना वर," तनिषा दारात येऊन म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

तो चौदा पायऱ्या दोन-दोन करत चढला. दार ढकललं तर उघडंच. आत खिडकीपाशी मिस्टर टॅपली उभे होते. डावा हात खांद्याच्या उंचीवर, हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप, बशीसकट. हात थरथरत होता, चहाही थरथरत होता, पण सांडत नव्हता. म्हाताऱ्यानं नजर न हलवता ओठांनी मोजणं चालू ठेवलं. "अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ." मग कप सावकाश टेबलावर आला, आणि टेकतानाही आवाज झाला नाही.

विनय समोरच्या खुर्चीत बसला आणि दम खात, विचारलं नसताना, त्यानं सगळं सांगून टाकलं. की ती साथ नव्हती. की तो त्यांच्याविरुद्ध पुरावा गोळा करत होता. की त्याला फार लाज वाटते.

"ठाऊक आहे मला, मेट," मिस्टर टॅपली म्हणाले. "तक्रारीची प्रत मला पहिल्या आठवड्यातच आली होती. मग जपानीतली पत्रंसुद्धा. त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण म्हटलं, माझ्या चमच्याबद्दल इतकं कुणी लिहीत असेल, तर चमचा उचलायला हवा." त्यांनी कप विनयपुढे सरकवला. "घे. गार होईल."

विनय चहा पिऊन खाली आला. आसावरी आणि तनिषा जिन्यातच उभ्या होत्या. त्यानं दोघींना सांगितलं, मग डायरी उघडली. तारीख लिहिली, सहा पंधरा लिहिलं, आणि आवाजाच्या रकान्यापाशी त्याचं पेन अडलं.

"काहीच पडलं नाही, तर काय लिहायचं?" त्यानं विचारलं.

"त्यालाही आहे त्यांच्याकडे," आसावरी म्हणाली. "जराही आवाज नसला की शीऽन्."

त्यानं लिहिलं, शीऽन्. परिणामाच्या रकान्यात काय घालावं, याचा त्यानं बराच वेळ विचार केला. डोळे पुसले. आणि नेहमीचाच शब्द लिहिला: सिव्हिअर.